कुत्र्यामागे आठ आणे

प्राण्यांसाठी काम करून पोट भरतं का, असं तुमच्यातले तरुण मला विचारतात. आज त्या प्रश्नाचा इतिहास पाहू. त्यासाठी मुंबईला जायला हवं, कारण तिथे या कामाचे पैसे मिळू लागले ते उलट्या बाजूने.

साल १८३२. भटकं कुत्रं मारलं की शिपायाला आठ आणे मिळत. पैशाच्या मोहाने लोकांच्या घरातली पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर पडणं, म्हणजे ‘सगदीद’, आवश्यक. त्यात ६ जून हा त्यांचा पवित्र दिवस. त्या दिवशी लोकांनी शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. पुस्तकांत याला दंगल म्हणतात. मला त्यात संपच अधिक दिसतो.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. आता माणसं लागली ती जगवायला: चारा टाकायला, पाणी भरायला, शेण काढायला. दात्यांची नावं इतिहासात राहिली. शेण काढणाऱ्यांची कुठे असणार?

पण पांजरापोळ म्हणजे आसरा, दवाखाना नव्हे. तो बदल परळला झाला. प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये निघाली होती (कलकत्त्यात त्याआधीच, १८६१ मध्ये). पुढे दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने प्राण्यांचं रुग्णालय झालं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. दयेच्या कामाला पदवी मिळाली ती इथे.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला. १९६० चा कायदा झाला, १९६२ मध्ये जीवजंतू कल्याण मंडळ आलं आणि त्याच त्याच्या पहिल्या अध्यक्ष. मग २००१ चे नियम: कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि त्याच गल्लीत परत सोडा.

म्हणजे पकडणारा माणूस पुन्हा आला, फक्त हातात आता जाळी. या साऱ्या कामाची मदार त्याच्यावर आहे असं माझं मत. त्याने घाबरवून पकडलेलं कुत्रं पुढच्या वेळी कुणाच्याच हाती लागत नाही, मग डॉक्टर कितीही हुशार असो. पण डॉक्टरला पदवी आहे, याला बहुतेक ठिकाणी रोजंदारी.

तेव्हा निवारा केंद्रात नोकरी मागायला गेलात, तर पगाराआधी एक विचारा: जाळी धरणाऱ्याला आणि पिंजरे धुणाऱ्याला रेबीजची प्रतिबंधक लस कामावर येण्याआधी टोचता की चावा बसल्यावर?