बरेनमधील हिवाळी चराई

हिवाळी चराई ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बरेन या चुनखडीच्या डोंगराळ प्रदेशातील गुरे चारण्याची पारंपरिक पद्धत आहे. स्थानिक इंग्रजीत तिला 'विंटरेज' म्हणतात. बरेनचा बहुतांश भाग क्लेअर काउंटीत मोडतो. युरोपातील अनेक पर्वतीय प्रदेशांत गुरे उन्हाळ्यात डोंगरावर नेतात. बरेनमध्ये हा क्रम उलटा आहे. येथे गुरे साधारणतः ऑक्टोबरमध्ये डोंगरावर चढवली जातात आणि वसंत ऋतूत खाली आणली जातात. उन्हाळ्यात साठलेली उष्णता चुनखडीचा खडक हिवाळ्यात हळूहळू सोडतो, जमीन कोरडी राहते आणि झऱ्यांना पाणी असते. उन्हाळ्यात मात्र डोंगरावर पाण्याची टंचाई भासते.

== जैवविविधतेशी संबंध ==

आयर्लंडमधील देशी वनस्पतींपैकी सुमारे ७० टक्के प्रजाती या लहानशा प्रदेशात आढळतात. स्प्रिंग जेन्शनसारखी आल्प्समधील फुले आणि माउंटन अ‍ॅव्हन्ससारख्या आर्क्टिक वनस्पती येथे शेजारी-शेजारी वाढतात. हिवाळ्यात गुरे राठ, वाळलेले गवत खाऊन टाकतात, त्यामुळे बुटक्या वनस्पतींना प्रकाश मिळतो. फुले येऊन बी धरेपर्यंत गुरे डोंगरावर नसतात. त्यामुळे चराई बंद केली की निसर्गाचे रक्षण होते, हे सर्वसाधारण गृहीतक येथे लागू पडत नाही. चराई थांबलेल्या कुरणांवर हेझल व ब्लॅकथॉर्नची झुडपे पसरतात आणि फुलझाडे झाकोळून जातात.

== ऱ्हास व पुनरुज्जीवन ==

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरे हिवाळाभर गोठ्यात ठेवण्याची आणि मुरघास घालण्याची प्रथा वाढली. डोंगरावरही मुरघास पुरवला जाऊ लागला. गुरे मग खाद्याच्या जागेभोवतीच घोटाळत; तेथील जमीन तुडवली जाई, शेण साचून झऱ्यांचे पाणी दूषित होई आणि उरलेले कुरण न चरताच राही.

युरोपीय संघाच्या साहाय्याने २००५ ते २०१० या काळात २० शेतांवर 'बरेनलाइफ' प्रकल्प राबवण्यात आला. त्यात मुरघासाऐवजी मोजका खुराक देणे, पाणवठे बांधणे, दगडी कुंपणे दुरुस्त करणे आणि झुडपे तोडणे हे उपाय शेतकऱ्यांनीच करून पाहिले. २०१० पासूनच्या पुढील योजनेत प्रत्येक कुरणाच्या स्थितीला १ ते १० गुण देण्यात येऊ लागले. गुण जितके अधिक, तितके अनुदान अधिक. कामाची पद्धत ठरवण्याची बरीच मोकळीक शेतकऱ्याकडे राहिली, हे या योजनेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य मानता येईल. ही गुणांकन पद्धत २०१६ ते २०२२ मधील 'बरेन प्रोग्रॅम'मध्येही चालू राहिली.

गुरे डोंगरावर नेण्याचा हा प्रसंग दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस 'बरेन विंटरेज वीकेंड' या नावाने साजरा होतो.