वाळवणात नसलेली अळंबी

आपल्या वाळवणांची यादी करायला बसले तर ती संपता संपत नाही. कुरडया, सांडगे, पापड, आंबोशी, आमसुलं, फणसपोळी. आणि मासे खाणाऱ्यांच्या घरी सुकट, सोडे, बोंबील. चैत्र-वैशाखाचे ऊन डब्यात भरून ठेवण्याची कला मराठी घरांना चांगली साधली होती. मात्र या यादीत एक जिन्नस सहसा सापडत नाही. पावसाळ्यात रानात आयती उगवणारी, चवीने मटणाच्या तोंडात मारील अशी अळंबी आपण आवडीने खाल्ली, पण वाळवून बरणीत भरली नाहीत. पोलंड, रशिया, चीन, जपान, इतकेच काय आपल्या काश्मीर-हिमाचलातही अळंबी वाळवण्याची जुनी परंपरा आहे. मग आपणच मागे का राहिलो?

हा प्रश्न मला पडला तो पेनसिल्व्हेनियात येऊन स्थायिक झाल्यावर. इथल्या चेस्टर काउंटीत केनेट स्क्वेअर नावाचे छोटे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या क्वेकर पंथाच्या फूलबागवाल्यांनी काचघरातल्या बाकांखालची रिकामी, अंधारी जागा वाया जाऊ नये म्हणून बटण मशरूम लावली. आज अमेरिकेत पिकणाऱ्या मशरूमपैकी निम्म्याहून अधिक पेनसिल्व्हेनियात पिकतात. आधी इटालियन, मग पोर्तो रिकोचे आणि नंतर मेक्सिकोचे लोक या धंद्यात राबले. म्हणजे आपल्या भाजीतल्या त्या पांढऱ्या टोपीमागेही स्थलांतरितांचाच इतिहास आहे. इतके मशरूम स्वस्तात मिळू लागल्यावर ते टिकवायचे कसे, हे मी शोधू लागले, आणि शोधता शोधता इतिहासात शिरले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पंचांगात सापडले. कोकण-गोव्यातली अळंबी येतात ती आषाढ-श्रावणात. विदर्भात ज्यांना सात्या किंवा टेकोडे म्हणतात तीही पावसाचीच. यातली सर्वांत चविष्ट जात वारुळावर उगवते. वाळवी आपल्या वारुळात या बुरशीची अक्षरशः शेती करते आणि पाऊस पडला की तिथून छत्र्या वर येतात. माणसाला ही शेती अजून नीट साधलेली नाही, त्यामुळे हा मेवा ऋतूचा आणि रानाचाच राहिला. पण ज्या दिवसांत कपडे चार-चार दिवस सुकत नाहीत, पापडाचा डबा उघडा राहिला तर तासाभरात सादळतो, त्या दिवसांत नव्वद टक्के पाणी असलेले अळंबे वाळणार कसे? सकाळचे अळंबे संध्याकाळपर्यंत काळे पडते. आपले वाळवण उन्हाळ्याचे आणि अळंबी पावसाळ्याची; दोघांची गाठच पडली नाही.

धर्मशास्त्राचाही थोडा वाटा असावा. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंगतीत अळंब्यांनाही बसवून द्विजांना ती वर्ज्य ठरवली. दुसरीकडे सुश्रुतसंहितेत मात्र अळंब्यांची चक्क वर्गवारी आहे: पेंढ्यावरची, उसाच्या चोथ्यावरची, शेणावरची, वेळूवरची आणि जमिनीतली. म्हणजे कुणीतरी ती बारकाईने पाहत होते, खातही होते. निषेध ग्रंथात राहिला आणि कोकणातल्या पानात अळंब्यांचे सुके यायचे ते येतच राहिले.

हिमालयात ऋतूचे गणित उलटे आहे. तिथली गुच्छी वसंतात, बर्फ वितळू लागले की देवदारांच्या आसपास येते, म्हणजे उन्हाचे दिवस तिच्या पुढे असतात. डोंगरातले लोक ती गोळा करतात, दोऱ्यात ओवून माळा करतात आणि उन्हात किंवा चुलीवर टांगून वाळवतात. ती बाजारात येते ती बहुधा सुकीच, आणि किलोला हजारोंचा भाव घेते. एक मात्र ध्यानात ठेवा. गुच्छी कधीही कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नये. २०२३ साली मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात अशी गुच्छी खाऊन ५१ जण आजारी पडले आणि दोघे दगावले.

रशिया-पोलंडमध्ये अळंबी येतात ती प्रामुख्याने शरद ऋतूत, आणि तिथे ऊनही बेताचेच. पण त्यांच्याजवळ होती प्रचंड मातीची भट्टी. पाव भाजून झाला की भट्टीत जी मंद ऊब उरते, तिच्यात अळंबी वाळत. आपल्या चुलीला ही रात्रभर टिकणारी ऊब नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. शिवाय त्यांच्यामागे उपवासांचा रेटा होता. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात वर्षाकाठी दीडशेहून अधिक दिवस मांसवर्ज्य असतात. अशा दिवसांत मांसाची चव देणारी वस्तू घरात हवी, ती अळंब्यांनी पुरवली. सोळाव्या शतकातल्या ‘दोमोस्त्रोय’ या रशियन गृहव्यवस्थेच्या ग्रंथात घरच्या साठवणीत अळंबी आहेतच. पोलंडमध्ये आजही ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचे जेवण मांसाविना असते, आणि त्यात सुक्या अळंब्यांचा मान मोठा. आपल्या उपवासांनी साबुदाणा आणि वरई आणली, त्यांच्या उपवासांनी अळंबी.

पूर्वेकडे ही विद्या आणखी पुढे गेली. चीनमध्ये वांग चेन याने १३१३ च्या आपल्या कृषिग्रंथात लाकडाच्या ओंडक्यांवर शिताके पिकवण्याची रीत लिहून ठेवली आहे. त्याच्याही आधी, १२२३ साली, दोगेन हा तरुण जपानी भिक्षू चीनला गेला होता. त्याने १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी लिहिलेल्या छोट्या ग्रंथात एक प्रसंग सांगितला आहे. ६८ वर्षांचा एक म्हातारा आचारी भर दुपारी, डोक्यावर काही न घेता, तापलेल्या फरशीवर वाळवण पसरत होता. ते वाळवण अळंब्यांचे होते असे अनेक भाषांतरकार मानतात. हे काम तुम्ही कुणा गड्याला का सांगत नाही, असे दोगेनने विचारले. म्हातारा म्हणाला, दुसरा म्हणजे मी नव्हे. मग इतक्या उन्हात कशाला, असे विचारल्यावर म्हणाला, मग कधी करू? वाळवण घालणाऱ्या आपल्या कुठल्याही आजीने याहून वेगळे उत्तर दिले नसते!

झेन मठांचे जेवण शाकाहारी. माशाच्या अर्काऐवजी तिथे सुक्या शिताकेचे पाणी वापरतात, आणि त्यामागचे रसायन विसाव्या शतकात उलगडले. १९०८ साली किकुनाए इकेदा याने समुद्रशेवाळातले ग्लुटामेट वेगळे काढून त्या चवीला ‘उमामी’ नाव दिले. १९१३ साली त्याच्या शिष्याने, शिंतारो कोदामाने, सुक्या माशातला घटक शोधला. आणि १९५७ साली आकिरा कुनिनाका या संशोधकाला शिताकेतल्या ग्वानिलेटचा उमामीशी असलेला संबंध कळला. गंमत अशी की ताज्या शिताकेत हा घटक फार कमी असतो. वाळवताना पेशी फुटतात आणि नंतर भिजवून हळूहळू तापवताना आतली एन्झाइम्स आरएनए तोडून तो तयार करतात. म्हणजे वाळवणे ही केवळ टिकवण्याची युक्ती नव्हे, ती चव घडवण्याची रीत आहे. आंबोशीची चव कैरीत नसते, तसेच हे.

मात्र वाळवताना जाते ते पाणी. बाकी बहुतेक सारे मागे उरते, आणि दहापट दाट होऊन उरते. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर युरोपातल्या रानअळंब्यांत किरणोत्सारी सीझियम साठले. तेही वाळवल्याने गेले नाही, उलट वजनाच्या मानाने वाढले. विषाचेही तसेच. ‘डेथ कॅप’ या अळंब्याचे विष उकळल्याने मरत नाही, वाळवल्याने मरत नाही, गोठवल्यानेही नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण याचा संबंध आपल्यासारख्या परदेशी येऊन राहिलेल्यांशी आहे. डेथ कॅप मूळचे युरोपातले. झाडांच्या मुळांबरोबर ते कॅलिफोर्नियात आले आणि तिथल्या ओक वृक्षांखाली स्थिरावले. आग्नेय आशियातून आलेल्या काही कुटुंबांना ते आपल्याकडचे भाताच्या पेंढ्यावरचे अळंबे वाटले. कोवळेपणी दोन्ही अंड्यासारखीच दिसतात. ही माणसे अडाणी नव्हती. त्यांच्या मायभूमीत त्यांचे ज्ञान अगदी खरे होते, इथल्या मातीत ते लागू पडले नाही, आणि काहींना प्राण गमवावे लागले. डिसेंबर २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात या विषबाधेचे १४ रुग्ण नोंदले गेले, तिघांवर यकृतारोपण करावे लागले. लक्षणे सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात, मग मधेच बरे वाटते, आणि तोवर यकृताचा नाश चालू असतो.

याच पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणींवर आलेल्या पोलिश-स्लोव्हाक मजुरांनी मात्र रानातली अळंबी गोळा करण्याची आपली रीत पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली. त्यांना ते साधले, कारण इथले रान त्यांच्या रानासारखेच, आणि पोरांना बोट धरून दाखवणारे कुणीतरी सोबत होते. आपल्याजवळ ती साखळी नाही. म्हणून माझे सांगणे असे की कृती जगभरातून घ्या, पण अळंबी दुकानातूनच घ्या. पानगळीत पार्कमध्ये दिसलेले अळंबे गावच्यासारखे दिसते म्हणून तोडू नका.

आता घरची रीत. बटण मशरूम वाळतात, पण चव बेताचीच. शिताके, पोर्चिनी उत्तम, ऑयस्टरही चांगले. पाण्यात बुडवू नका; ओल्या फडक्याने किंवा ब्रशने पुसा. पाव इंचाहून जाड काप नकोत. डीहायड्रेटर १२५ ते १३५ फॅरनहाइटवर (सुमारे ५२ ते ५७ सेल्सिअस) ठेवून सहा ते दहा तास. ओव्हन असेल तर सर्वांत मंद आचेवर, दार किंचित उघडे ठेवून. काप वाकला तर कच्चा, काडकन मोडला तर झाला. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत सैलसर भरा आणि आठवडाभर रोज हलवून पाहा. काचेला दव धरले तर परत वाळवा. बुरशी दिसली तर मात्र सगळे फेकून द्या. किड्यांची अंडी मरावीत म्हणून घट्ट बंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवले तर बरे. नंतर अंधाऱ्या, कोरड्या फडताळात वर्षभर टिकतात. दहा पौंडांचे जेमतेम एक पौंड होते, तेव्हा जागेची चिंता नको.

वाळवण्याआधी काप तासभर उन्हात ठेवले तर आणखी एक लाभ. अळंब्यातल्या एर्गोस्टेरॉलचे उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व बनते. शाकाहारी माणसाला ते अन्नातून मिळण्याचे मार्ग थोडेच आहेत. मात्र ऊन खिडकीच्या काचेतून आलेले चालत नाही. काच नेमके लागणारे किरण अडवते.

वापरताना रात्रभर गार पाण्यात, फ्रिजमध्ये भिजवा. ते पाणी गाळून आमटीत किंवा मसालेभातात घाला आणि अळंबी नीट शिजवा. कांदा-लसूण न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी हे पाणी मोठाच आधार आहे.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या आजोळी, घाटावर वा विदर्भात, चुलीवरच्या शिंक्यात अळंबी वाळवत असत काय? वाळवत असत तर ती कोणती आणि कशी, हे मंडळाला जरूर लिहून कळवा. आपल्या घरांतला हा इतिहास छापील पुस्तकांत फारसा नाही. तो ज्यांना ठाऊक आहे त्यांची वये झाली आहेत, आणि विचारायचे तर ते आत्ताच.