देवी काढणारा दारात आला तेव्हा



आज एक काम सांगते, ऐकता ऐकता करा. घरात साठीच्या पुढची कुणी बाई असेल, सासू, आजेसासू, शेजारची मावशी, तर तिचा हात नीट पाहा. दंडावर नाहीतर मनगटाच्या वर रुपयाएवढे गोल, सुरकुतलेले व्रण दिसतील. आपल्या दंडावर असतो तो बारका व्रण बीसीजीचा. तिच्या हातावरचे हे देवीच्या लशीचे. आमच्या गटातल्या एका मावशीला मी विचारलं, "टोचायच्या आधी तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "विचारणार कोण गं? देवी डॉक्टर शाळेत आला की आम्ही खिडकीतून उड्या मारायचो. मास्तर दारात उभे राहायचे आणि एकेकाला धरून आणायचे."

लस सक्तीची असावी की ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावी, हा वाद करोनाच्या वेळी आपण फार ऐकला. पण हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षांचा जुना आहे, आणि त्यात बायका सगळीकडे आहेत. म्हणून आज त्याचा इतिहास सांगते.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नर म्हणून डॉक्टर होते. गाईच्या सडाला फोड येतात, धार काढणाऱ्या बाईच्या हातावर ते उठतात, आणि अशा बाईला पुढे देवी येत नाहीत, असं तिकडची गवळी मंडळी म्हणायची. १७९६ साली जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी घेऊन आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचलं. लशीची सुरुवात ती. म्हणजे मूळ ज्ञान धारा काढणाऱ्या बायांचं, हे आपण लक्षात ठेवू.

ती लस मुंबईला कशी आली, ते ऐकण्यासारखं आहे. बर्फाची पेटी नाही, फ्रीज नाही. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद, बसरा, आणि मग गलबतातून मुंबई असा प्रवास. वाटेत लस जिवंत ठेवायची तर एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर न्यावी लागे. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. आपल्या देशात ही लस घेणारं पहिलं माणूस म्हणजे ही चिमुरडी. एका नोकराची मुलगी होती ती. तिच्या हातावर फोड उठला, त्यातल्या पाण्यानं मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून ती लस देशभर गेली. साहेबाच्या घरी चाकरी करणाऱ्याला "माझ्या पोरीला नको" म्हणणं किती सोपं असेल, ते तुम्हीच ठरवा.

पुढं कितीतरी वर्षं हीच पद्धत चालली. आठव्या दिवशी फोड पिकला की देवी काढणारा परत यायचा, फोड फोडायचा आणि त्या पाण्यानं दुसऱ्या लेकराला टोचायचा. आता आईच्या जागी उभं राहून बघा. तापानं फणफणलेलं बाळ, सुजलेला दंड, आणि त्यालाच पुन्हा टोकरायला आलेला परका माणूस. बाया पोरं घेऊन घरात दडून बसायच्या. यात दुसऱ्या जातीच्या लेकराचं पाणी आपल्या लेकराला नको, असा विटाळही होता, तो लपवायचं काही कारण नाही. पण या पद्धतीत एकाच्या अंगातला दुसरा रोगही पुढच्याच्या अंगात जाऊ शकतो, हे डॉक्टरांनाही पुढं मान्य करावं लागलं. आयांची सगळीच भीती अडाणीपणाची नव्हती. नंतर वासराच्या अंगावर लस वाढवू लागले आणि लेकराचा फोड फोडायची गरज संपली. बेळगावात अशी लस तयार करायची मोठी संस्था होती. तिथल्या मैदानाला लोक अजून व्हॅक्सिन डेपोच म्हणतात.

मग कायदे आले. १८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांना देवीची लस सक्तीची झाली. १८८० मध्ये देशाचा कायदा झाला, त्यानं नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत ही सक्ती लावता येऊ लागली. इंग्लंडात सक्ती त्याच्या आधीची, १८५३ ची. पण तिथले लोक गप्प बसले नाहीत. १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो लोकांनी मोर्चा काढला, आणि १८९८ मध्ये तिथल्या सरकारनं कायदा सैल केला. आईबापांचं मन मानत नसेल त्यांना सूट मिळू लागली. तिथं हे चालू होतं, त्याच सुमाराला त्याच सरकारचे सोल्जर पुण्यात आपल्या घरात शिरत होते.

प्लेगची गोष्ट जरा सावकाश सांगते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापानं माणसं मरू लागली. हा प्लेग आहे हे ओळखलं ते मूळच्या गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. करोनात लावला तोच हा कायदा, सव्वाशे वर्षांनीही कामाला आला. पुण्यात रँड नावाचा अधिकारी नेमला गेला. गोरे सोल्जर घराघरांत शिरायचे, चुलीपर्यंत, देवघरापर्यंत. ताप दिसला की माणूस उचलायचा, घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत ठेवायचं, अंथरूण-पांघरूण जाळायचं. प्लेगची गाठ येते काखेत आणि जांघेत. म्हणजे बाईला तपासायचं तर काय तपासायचं, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हाच्या पंडिता रमाबाई आपल्याला माहीत आहेत. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांची काय गत होते, याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं पत्रांतून कळल्यावर त्यांनी ते तिथं जाहीरपणे सांगितलं. सरकारनं पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा एकही जण नाव देऊन पुढं यायला तयार होईना. शेवटी त्यांना माफी मागावी लागली. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट गोखल्यांच्या माफीची म्हणून येते. मला वाचताना वाटतं, ही न बोलणाऱ्या बायांची गोष्ट आहे. नाव सांगितलं असतं तर त्यांचं पुढं काय झालं असतं, ते आपल्याइतकं कुणाला कळणार?

२२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. "आमच्या बायकांच्या अब्रूवर हात" ही तेव्हाची सगळ्यात मोठी तक्रार होती. पण बायकांना काय हवं होतं, कुणी बाई तपासायला आली तर त्या दार उघडतील का, हे त्यांना ना रँडनं विचारलं, ना घरच्या कारभाऱ्यानं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच पुण्याजवळ एक दुसरी गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर मुलगा यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका मुलाला गाठ आली म्हणताना सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोगी दवाखान्यात न्यायचं काम सोल्जरनंही केलं आणि सावित्रीबाईंनीही केलं.

प्लेगची लसही आपल्या मुंबईतच तयार झाली. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञांनी ती बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. कैदी आपखुशीनं तयार झाले असं लिहिलेलं आहे. तुरुंगातली आपखुशी म्हणजे काय, यावर आपल्या गटात एक बैठक होईल! लोकांत अफवा तर विचारू नका. तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे असलेले आगाखान पुढं आले, लोकांसमोर त्यांनी लस टोचून घेतली, आणि त्यांना मानणारे लोक त्यांच्या मागं रांगेत लागले.

देवीच्या लशीसारखी सक्ती या लशीला झाली नाही. आणि एक चूकही झाली, तीही सांगायला हवी. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एका बाटलीतून लस दिलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं काम गेलं. बाटली उघडताना स्वच्छता राहिली नव्हती, लशीत खोट नव्हती, हे सिद्ध व्हायला पाच वर्षं लागली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. पोलिओचे डोस तिथूनही आपल्या गावांत आलेत.

आता कुणी म्हणेल, सक्ती वाईटच म्हणा की मग. तसं मला म्हणता येत नाही. देवीनं माणसं मरायची, जगली तर डोळे जायचे, चेहरा जायचा, आणि व्रणाच्या चेहऱ्याच्या मुलीचं लग्न ठरायचं नाही. १९७४ मध्ये बिहारात मोठी साथ आली. तेव्हा घरोघर शोध घेतला, रोगी कळवणाऱ्याला बक्षीस लावलं, आणि एक रोगी सापडला की आजूबाजूच्या सगळ्यांना टोचलं. काही ठिकाणी रात्री दार तोडून, माणसांना दाबून धरूनही टोचलं. मे १९७५ मध्ये आसामात सायबान बीबी ही बाई देशातली देवीची शेवटची रोगी ठरली. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आपल्या पोरांच्या तोंडावर व्रण नाहीत, ते त्या कामामुळं. दाबून धरलेल्या माणसांचा अपमानही त्यातच आहे. मला दोन्ही एकदम धरावं लागतं, आणि मला ते जमतंच असं नाही.

"माझं शरीर, माझी मर्जी" हे ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या घरात मर्जी कुणाची चालते? करोनात आमच्या गटातल्या एकीला लस हवी होती, नवऱ्यानं जाऊ दिलं नाही. दुसरीला नको होती, मुलानं गाडीवर बसवून नेलं. दोघींच्याही मर्जीचा पत्ता नव्हता. आणि लहान बाळाला मर्जी कुठली? त्याला गोवर झाला तर तो शेजारच्या बाळालाही होणार.

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं यावर निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम २१ नुसार आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. लोकांच्या आरोग्यासाठी सरकार काही वाजवी बंधनं घालू शकतं, पण साथ ओसरलेली असताना लस न घेतलेल्यांना अडवणं योग्य नाही, असंही म्हणालं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लशीच्या चाचण्यांची आणि लस घेतल्यावर कुणाला त्रास झाला असेल तर त्याची माहिती सरकारनं लोकांसमोर ठेवावी, असं सांगितलं.

हा निकाल यायच्या आधीची, २०२१ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात लस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही असा आदेश निघाला होता. आमच्याकडं तसा आदेश नव्हता, पण ते व्हॉट्सॲपवर आलं होतं. वरून मला फोन येत होते, गावाचा आकडा किती झाला, किती राहिले. आमच्या गटातल्या एकीचं बाळ पाच महिन्यांचं होतं. तिनं मला विचारलं, "ताई, माझ्या दुधाला काही होणार नाही ना?" साधा प्रश्न होता. उत्तर सिस्टरकडं होतं, दहा मिनिटांवर. मी गेले नाही. मी म्हणाले, "घेऊन टाक, नाहीतर रेशन बंद होईल." तिनं घेतली. बाळाला काही झालं नाही, दुधाला काही झालं नाही. आमचा आकडा पूर्ण झाला.

पण त्यानंतर तिनं मला काही विचारणंच सोडलं. बैठकीला यायची, बचतीचे पैसे द्यायची, सही करायची, जायची. रँड आणि सावित्रीबाई वाचताना मला तिचाच चेहरा दिसत होता.

गेल्या महिन्यात ती बैठकीनंतर मागं थांबली. आता तिला दुसरी मुलगी आहे, नऊ महिन्यांची. गोवर-रुबेलाच्या डोसचं कार्ड हातात होतं. म्हणाली, "पोरीला कालपासून सर्दी आहे. डोस द्यायचा का पुढच्या वेळी?" मी म्हणाले, मलाही नक्की माहीत नाही, आपण दोघी सिस्टरला विचारू. ती म्हणाली, "आत्ता?"

आम्ही तशाच निघालो. पोर माझ्याकडं होती.