सीनेपलीकडचा गांजा
१/ बीड व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) यांची सीमा काही अंतर सीना नदी आखते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलीकडे निजामाचा अंमल होता, पलीकडे इंग्रजांचा. आणि मुंबई इलाख्यातील गांजाची मुख्य लागवड होती ती या पलीकडच्या नगर जिल्ह्यात. अबकारी खात्याच्या नजरेखाली, उघड्या रानात!

२/ १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने पिकाची निगाही नोंदवली. बंगालमधील नौगावचा शेतकरी जमिनीला आधी शेणखत देई, रोपे लागल्यावर पेंड. मग नर झाडे हुडकून उपटायची. एरवी तुऱ्यात बी भरे आणि सारी खतावळ वाया जाई.

३/ आयोगाने सरसकट बंदी नाकारली. १९८५ च्या कायद्याने मात्र विनापरवाना लागवड गुन्हा ठरली, सीनेच्या दोन्ही तीरांवर.