ग्रीस बदलायचा डोंगर

ऑगस्ट 2019 मध्ये चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना माझ्या मित्राचं कॉलरबोन मोडलं. सायकल माझी होती. पुढच्या ब्रेकची वायर जिथे मुठीतल्या खाचेत बसते, तिथेच गुंडीपाशी तुटली. मागचा ब्रेक एकटा किती पुरणार? वळणावर तो थेट कठड्याला जाऊन धडकला.

आदल्याच दिवशी अमरावतीला घराच्या अंगणात मी ती सायकल तासभर धुतली होती. प्रेशरने पाणी मारलं, चेनवर भरपूर तेल सोडलं, फ्रेमला पॉलिश केलं. मुठीची रबरी टोपी सरकवून वायर पाहायला अर्धा मिनिट लागला असता. तो अर्धा मिनिट मी दिला नाही. वायरीचे दोन-तीन तंतू आधीच तुटलेले असणार, कारण वायर कधी एका झटक्यात तुटत नाही.

त्यानंतर घाट उतरणाऱ्या सायकलींबद्दल वाचायला लागलो. इंजिनियर असल्यामुळे चांगली सायकल म्हणजे जाड नळ्यांची, महागड्या चिमट्याची, असं काहीतरी सापडेल अशी अपेक्षा होती. सापडलं भलतंच. डोंगर उतरायच्या सायकलीच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच ग्रीस आहे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथे 1970 च्या दशकात काही तरुण पोरं भंगारातून जुन्या सायकली उचलायची. श्विन कंपनीने 1933 साली अमेरिकन मुलांसाठी फुगीर टायरच्या सायकली काढल्या होत्या. 30-40 च्या दशकांतल्या त्या वजनदार सायकली तोवर कवडीमोल झाल्या होत्या. ही पोरं त्या घेऊन डोंगरावर जायची आणि आग विझवायला केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून सुसाट खाली यायची. अशाच एका रस्त्यावर 21 ऑक्टोबर 1976 ला पहिली शर्यत झाली. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आतलं आणि उतार जवळपास 400 मीटरचा. ती शर्यत अ‍ॅलन बाँड्सने जिंकली. तोच एक न पडता खाली पोचला, असं सांगतात.

या सायकलींना मुठीवरचा ब्रेक नसायचा. पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमधला ब्रेक लागायचा. एका उतारात तो हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. पुन्हा उतरायचं असेल तर हब उघडून, पुसून, नवं ग्रीस भरणं भाग होतं. यालाच इंग्रजीत रिपॅक करणं म्हणतात. त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक' पडलं. विजेत्याचं नाही, कुठल्या कंपनीचं नाही, देखभालीच्या कामाचं नाव डोंगराला मिळालं.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. जो ब्रीझ याने 1977 मध्ये क्रोमोली पोलादाची खास डोंगरासाठीची फ्रेम बनवली, तीही जुन्या श्विनचे कोन समोर ठेवून. टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 1979 मध्ये धंदा सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं 'माउंटनबाइक्स'. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टंपजंपर' आली आणि डोंगरी सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्यात डाउनहिल ही वेगळी शर्यत होती. तिथून पुढे डाउनहिल सायकलीने आपली वेगळी वाट धरली. आज तिचा चिमटा 200 मिलिमीटर दबतो, मागचं चाकही तितकंच दबतं आणि वजन सोळा-सतरा किलोपर्यंत जातं.

याच काळात आपल्याकडे काय होतं? स्वातंत्र्यानंतर सायकल देशातच मोठ्या प्रमाणावर बनू लागली. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स 1949 मध्ये सुरू झाली, सोनीपतची अ‍ॅटलस 1951 मध्ये, तर लुधियानाची हिरो 1956 मध्ये. माझे आजोबा अकोट तालुक्यात मास्तर होते. त्यांची काळी हर्क्युलस अजून आमच्या घरी आहे. तिचा चिमटा पुढे चांगलाच कललेला आहे. खराब रस्त्यावर सायकल स्थिर राहावी म्हणून हा कल असतो आणि श्विनमध्येही तोच होता. त्यामुळे गतकाळाचं कौतुक करायचा मोह होतो. पण आजोबांच्या सायकलीवर मी घाट उतरणार नाही. तिचे ब्रेक सळीचे, रिम क्रोमच्या. पावसात ओल्या क्रोमवर रबर नुसतं घसरतं. ही सायकल साठ वर्षं टिकली हे खरं, पण सपाटीवर टिकली.

ती कशाने टिकली, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आजोबा तिचं ओव्हरहॉलिंग करून घ्यायचे. एक्सल उघडायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, झिजलेले फेकायचे, कोन पाहायचे, नवं ग्रीस भरायचं, रिमचा आउट काढायचा. यातला प्रत्येक सुटा भाग अकोटच्या बाजारात मिळायचा आणि प्रत्येक भाग साध्या पान्याने उघडायचा.

आमच्या भागात याचं याहून मोठं उदाहरण रुळांवर होतं. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं होतं. ते 1994 पर्यंत धावलं. सत्तर वर्षं नुसतं मजबूत लोखंड पुरत नाही. रोज कुणीतरी तेलाचा डबा घेऊन खाली वाकावं लागतं.

मग आपल्या घाटासाठी सायकल कोणती घ्यावी? आधी घाटाचं गणित मांडू. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1118 मीटर उंच आहे. तिथून परतवाड्यापर्यंत सुमारे 700 मीटर उतार होतो. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरले, तर या उतारात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात पावणेदोन लिटर गार पाणी उकळीला येईल. यातली बरीचशी वारा आणि रस्ता खातात. पण जितकं हळू उतराल, तितका ब्रेकचा वाटा वाढतो. भित्र्या माणसाचे ब्रेक जास्त तापतात, ही या गणितातली गंमत.

दुसरं म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात हवी तिथे सायकल घालता येत नाही, घालूही नये. म्हणजे आपल्या वाट्याला येतो तो वळणांचा, खड्ड्यांचा डांबरी घाट आणि गावांकडे जाणारे काही कच्चे रस्ते. त्यासाठी 200 मिलिमीटर दबणारी सायकल लागत नाही. स्वस्तातली दोन्हीकडे स्प्रिंगवाली तर मुळीच नको. तिच्या मागच्या सांध्यांत काळी माती शिरते, वाळून सिमेंटसारखी होते आणि दोन पावसाळ्यांत सांधे खुळखुळायला लागतात. मी आधी तसलीच घेतली होती, म्हणून सांगतो.

नवी सायकल घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, मागे स्प्रिंग नसलेली पोलादी फ्रेम. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण त्याला लहान लहान धक्क्यांचाही हिशेब लागत जातो आणि शेवटी तडा जातो. पोलाद एका मर्यादेखालचे धक्के सोसत राहतं, आणि त्याचं वेल्डिंग गावातही होऊ शकतं. दुसरी, वायरीवर चालणारे डिस्क ब्रेक. तेलाचे ब्रेक जास्त चांगले पकडतात, पण त्यांत दोन वेगवेगळ्या जातींची तेलं असतात. एकात दुसरं पडलं की आतली रबरं गेलीच. वायर मात्र कुठेही मिळते. तिसरी, सुटे भाग. माझी चाकं 26 इंची आहेत. हेच माप श्विनच्या त्या सायकलींचं होतं आणि आपल्याकडे 'रेंजर'मुळे ते गावोगाव पोचलं. बाकीचं जग 29 इंचांकडे गेलं, पण 26 चा टायर मला अकोल्यात हमखास मिळतो.

हबमधलं बेअरिंग बंद पद्धतीचं आहे. ते गेलं तेव्हा सायकलच्या दुकानात मिळालं नाही. दुकानातले काका म्हणाले, "भाऊ, याच्यावरचा नंबर पाह्य ना. दालमिलवाले जिथून घेतात तिथं जाय." नंबर 6902 होता, म्हणजे आतलं भोक 15 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 28 आणि रुंदी 7. अकोल्याच्या बेअरिंगच्या दुकानात पाच मिनिटांत काम झालं. दालमिल आणि जिनिंगच्या गावात कुठलीही फिरणारी वस्तू अनाथ राहत नाही, हे मला पुण्यात नोकरी करताना कळलं नसतं.

देखभालीचं वेळापत्रक आता ठरलेलं आहे. धुताना बादली आणि फडकं, हबवर प्रेशरचं पाणी नाही. चेन पुसून मग तेलाचे मोजके थेंब. महिन्यातून एकदा चेनला फूटपट्टी लावायची. नव्या चेनच्या बारा कड्या बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच वाढली की चेन बदलायची, एक अष्टमांश होऊ दिली तर मागचे दातेही जातात. आरे बोटांनी दाबून पाहायचे. पावसाळ्यानंतर ओव्हरहॉलिंग. आणि दर घाटाआधी टोप्या सरकवून दोन्ही वायरींच्या गुंड्या पाहायच्या. तंतू तुटलेले दिसोत वा न दिसोत, ब्रेकच्या वायरी वर्षाला बदलायच्या. तारीख फ्रेमवर चिकटपट्टीवर लिहून ठेवतो.

मागच्या डिसेंबरात तोच मित्र चिखलदऱ्याला पुन्हा आला. खांद्यात अजून प्लेट आहे, थंडीत दुखते म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याने सायकल उलटी उभी केली, चाकं फिरवून पाहिली, टोप्या सरकवल्या, चिकटपट्टीवरची तारीख वाचली. मग सायकल सरळ केली आणि म्हणाला, "तू पुढं हो." मी पुढे झालो. परतवाडा येईपर्यंत मागून त्याच्या चाकांचा आवाज येत होता.