घरांतला समुद्र

समुद्रांतील रंगीत मासे घरीं पाळण्याची हौस मुंबईकरासच शोभते, असें म्हणून कोणी नागपूरकराची थट्टा केल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. मुंबईचा किनारा येथून लोहमार्गानें ८०० किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हां खरें समुद्रजल आणावें, कीं क्षार कालवून तें घरींच सिद्ध करावें, हा प्रश्न येथें माशांच्याही आधीं उभा राहतो.

प्रश्न जुना आहे. इ. स. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें आणि सागरी जीव काचेंतून पाहण्याचें वेड पसरलें. परंतु लंडन कांहीं समुद्रकांठीं नाहीं. फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ मध्यें, ब्रायटनजवळील पाण्याचें श्वाइट्झरकृत पृथक्करण समोर ठेवून, मीठ, एप्सम क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड यांचें मिश्रण पाण्यांत कालविलें. त्यांत जीव एकदम न सोडतां प्रथम समुद्रशैवाल ठेवलें, हें त्यांचें खरें शहाणपण. पुढें ‘चॅलेंजर’ नौकेनें १८७२ ते १८७६ पर्यंत जगभर फिरून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार यांनीं तपासले व १८८४ मध्यें दाखविलें, कीं खारटपणा कमीअधिक असला तरी मुख्य क्षारांचें परस्परप्रमाण जवळजवळ सर्वत्र एकच असतें. मिश्रणास याहून भक्कम आधार कोणता हवा? तरीही १९३० मध्यें उघडलेल्या शिकागोच्या शेड मत्स्यालयासाठीं फ्लॉरिडांतील की वेस्टहून १० लक्ष गॅलन समुद्रजल आगगाडीनें आणविलें. २० टाकीडबे आणि त्यांच्या ८ खेपा! ज्यांची तिजोरी तेवढी खोल, त्यांनीं खुशाल आणवावें.

केवळ खारटपणा म्हणजे समुद्र नव्हे, हें विदर्भास तरी सांगावयास नको. लोणारचें सरोवर खारें खरें, पण तो सोड्याचा खार. सागरी मासा त्यांत जगणार नाहीं. स्वयंपाकघरांतल्या नुसत्या मिठानेंही त्याचें भागत नाहीं.

आमचा कौल मिश्रणास आहे. किनाऱ्याचें पाणी पावसाळ्यांत पातळ होतें, मोठ्या शहराजवळचें सांडपाण्यानें बिघडतें, आणि त्यांतील सूक्ष्म जीव बंद पिंपांतील लांबच्या प्रवासांत मरून सडूं लागतात. मिश्रण स्वच्छ, पण निर्जीव. लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या मानानें तयार क्षार घ्यावा, नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावा, आणि माशांच्या मलांतील अमोनिया पचविणारे जंतू टाकींत वाढेपर्यंत कांहीं आठवडे धीर धरावा. हे आठवडे ज्यास काढवत नाहींत, त्याचे मासे मरतात.

उन्हाळ्यांत नागपुरीं टाकींतील पाणी भराभर आटतें. वाफ होते ती पाण्याची. क्षार खालींच राहतो. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. पुन्हां खारें घातल्यास खारटपणा चढत जातो. मुंबईहून आणलेल्या समुद्रजलासही हें पथ्य सुटत नाहीं.