विश्वासार्ह प्रवासी : बोटांच्या ठशांपासून विमानतळावरील जलद मार्गापर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

२२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम' ही योजना सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची व अहमदाबाद या विमानतळांवर तिचा विस्तार झाला. भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारक यांना या योजनेत नाव नोंदविता येते. अर्जदाराच्या माहितीची शासकीय छाननी होते, बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. त्यानंतर प्रवासाच्या वेळी अधिकाऱ्यासमोरील रांगेत उभे न राहता स्वयंचलित दारातून इमिग्रेशनची तपासणी पार पाडता येते. दार प्रथम पासपोर्ट व बोर्डिंग पास वाचते, मग चेहरा पडताळते आणि उघडते.

या सोयीकडे तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून पाहण्याची रीत आहे व ती चुकीची नाही. परंतु ज्या बोटांच्या ठशावर ही सोय उभी आहे त्याचा शासकीय वापर भारतातच रुजला आणि त्याच ठशाविरुद्ध भारतीयांनी परदेशात लढाही दिला, हा इतिहास या चर्चेत सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ओळख पटविण्याचे साधन म्हणून बोटांच्या ठशाचा उगम व प्रसार तपासणे.
२) सक्तीची नोंदणी व स्वेच्छेची नोंदणी यांतील भेदाचा ऐतिहासिक अर्थ शोधणे.
३) विमानतळांवरील जलद मार्गांचे या संदर्भात मूल्यमापन करणे.

गृहीतक : ठसा देणारी व्यक्ती बदलली, तिचा हेतूही बदलला, मात्र प्रवाशांची 'विश्वासार्ह' व 'इतर' अशी विभागणी करण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार कायम राहिला.

१. अविश्वासातून जन्मलेले साधन

१८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा करार राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला आणि करारपत्रावर त्याच्या हाताच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे सही नाकारण्याची त्यास हिंमत होऊ नये, एवढाच त्यामागे हेतू होता. १८७७ च्या सुमारास हुगळी येथे दंडाधिकारी असताना हर्शेलने निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी व तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. मृत व्यक्तीच्या नावे दुसऱ्याने वेतन उचलू नये, शिक्षा झालेल्याच्या जागी दुसऱ्याने तुरुंगात जाऊ नये, ही त्यामागील काळजी होती.

हजारो ठशांतून नेमका ठसा शोधायचा तर वर्गीकरण हवे. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांनी या वर्गीकरणाचे मोलाचे काम केले. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचे मिळाले. १८९७ मध्ये कलकत्ता येथे बोटांच्या ठशांचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले व १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली. अशा रीतीने हे साधन वसाहतीतून साम्राज्याच्या राजधानीकडे गेले.

समोरचा माणूस आपली ओळख खोटी सांगेल, हे त्यामागील गृहीत होते. सुशिक्षिताची सही चालत असे. निरक्षर, मजूर व कैदी यांच्याकडून ठसा घेतला जाई. मराठीत निरक्षर माणसास 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणविले जाते, त्यातही ठशाची ही सामाजिक पायरी उमटलेली आहे.

२. ट्रान्सवाल : सक्ती आणि स्वेच्छा

स्थलांतरितांच्या नियंत्रणासाठी ठशाचा ठळक वापर दक्षिण आफ्रिकेत झाला. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने मांडलेल्या वटहुकुमाच्या मसुद्यानुसार आठ वर्षांवरील प्रत्येक भारतीयाने नोंदणी करून ठसे देणे व दाखला जवळ बाळगणे बंधनकारक होणार होते. कायद्याने ठसे फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात, हे गांधीजींना हेन्रींच्याच पुस्तकातून समजले होते. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये भरलेल्या सभेत या कायद्यास शरण न जाण्याची शपथ घेण्यात आली.

जानेवारी १९०८ मधील तडजोडीकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष दिले पाहिजे. भारतीयांनी स्वेच्छेने नोंदणी करावी, मग कायदा रद्द होईल, असे भारतीयांनी या तडजोडीतून समजून घेतले होते. सुशिक्षित व मालमत्ताधारक यांना ठशांऐवजी सही देण्याची सवलतही तीत होती. स्वतः बॅरिस्टर असूनही गांधीजींनी ही सवलत घेतली नाही. १० फेब्रुवारी १९०८ रोजी नोंदणीस जाताना, तडजोड न पटलेल्या मीर आलम व त्याच्या साथीदारांनी त्यांच्यावर हल्ला केला. जखमी अवस्थेतही त्यांनी दहा बोटांचे ठसे दिले. कायदा मात्र रद्द झाला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी करण्यात आली.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ठसा हा स्वतः अपमान नव्हता. नकार देण्याची मुभा नसणे हा अपमान होता. दोन, प्रतिष्ठितांना सवलत देऊन सामान्यांस नियमात ठेवण्याची युक्ती तेव्हाही प्रचलित होती. १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले असता तेथील सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास डबा दिला होता. त्याच देशात सामान्य भारतीयाला दाखला जवळ बाळगून फिरावे लागत होते.

३. पासपोर्ट आणि प्रवाशांच्या श्रेणी

पहिल्या महायुद्धापूर्वी अनेक देशांत पासपोर्टविना प्रवेश मिळत असे. युद्धकाळातील निर्बंध युद्धानंतरही टिकले. १९२० मध्ये पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत पासपोर्टच्या एकसारख्या नमुन्याची शिफारस झाली. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात दोन कायदे झाले : एक, भारतात प्रवेशासाठी पासपोर्ट आवश्यक करणारा, दुसरा, कैद्यांच्या ओळखीसाठी मोजमापे व ठसे घेण्याचा. प्रवासी व कैदी यांच्यासाठी शासनाची दप्तरे वेगळी होती, पण दोन्हींतील प्रश्न एकच होता : हा माणूस कोण?

स्वातंत्र्यानंतर १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात समाविष्ट असल्याचे मान्य केले व त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. तरीही श्रेणी संपल्या नाहीत. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, मुख्यत्वे आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास शासनाची वेगळी परवानगी लागते. फसवणुकीपासून त्याचे रक्षण व्हावे हा तीमागील हेतू योग्यच आहे. परंतु जानेवारी २०१८ मध्ये अशा पासपोर्टना नारिंगी वेष्टन देण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा, कामगाराची श्रेणी दुरूनच ओळखू येईल, असा आक्षेप घेण्यात आला व त्याच महिन्यात शासनाने तो निर्णय मागे घेतला.

४. जलद मार्गांचा उदय

विमानप्रवास वाढला तशी इमिग्रेशनची रांगही लांबली. १९९३ मध्ये अमेरिकेने न्यूयॉर्क व नेवार्क येथे 'इन्सपास' ही योजना आरंभिली. तीत हाताच्या आकाराची मोजणी करून, वारंवार येणाऱ्या व्यावसायिक प्रवाशांना स्वयंचलित यंत्रातून प्रवेश मिळे. हर्शेलने घेतलेला पंजा आता मोठ्या कंपन्यांचे अधिकारी आपणहून यंत्रावर ठेवू लागले. २००१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर बुबुळाच्या आधारे ओळख पटविणारी 'प्रिव्हियम' ही सशुल्क सदस्यत्वाची योजना सुरू झाली. ब्रिटनची बुबुळावर आधारित 'आयरिस' योजना २०१३ मध्ये बंद झाली.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर या इतिहासाच्या दोन्ही धारा एकत्र आल्या. ५ जानेवारी २००४ पासून अमेरिकेने व्हिसावर येणाऱ्या परदेशी प्रवाशांकडून बोटांचे ठसे सक्तीने घेण्यास सुरुवात केली. ब्राझीलने प्रत्युत्तरादाखल अमेरिकी प्रवाशांचे ठसे घेतले. २००८ मध्ये अमेरिकेनेच, पूर्वतपासणी झालेल्या प्रवाशांसाठी 'ग्लोबल एंट्री' प्रायोगिक स्वरूपात आणली, २०१२ मध्ये ती कायम केली व २०१७ मध्ये भारतीय नागरिकांना खुली केली. म्हणजे ठसे बहुतेक परदेशी प्रवाशांचे घेतले जात. अधिक माहिती व शुल्क देणाऱ्यास मात्र वेळ वाचवून मिळे.

दुसरा मार्गही उपलब्ध होता. हाँगकाँगने २००४ च्या अखेरीस सुरू केलेली स्वयंचलित दारे तेथील रहिवाशांना नेहमीच्या ओळखपत्रावर, स्वतंत्र शुल्काविना वापरता येतात. तेथे जलद मार्ग हाच सर्वसाधारण मार्ग झाला. तंत्र जवळपास तेच असून धोरण निराळे, हे या तुलनेतून दिसते.

५. भारतीय योजनेचे मूल्यमापन

भारतीय योजनेचे नामकरणच 'विश्वासार्ह प्रवासी' असे आहे. ती ऐच्छिक आहे व पहिल्या टप्प्यात तिला शुल्क नाही, या तिच्या जमेच्या बाजू होत. सप्टेंबर २०२५ मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड व अमृतसर या विमानतळांवर ती पोहोचली. यांतील कोळिकोड व तिरुवनंतपुरम हे आखाती कामगारांच्या वाटेवरील विमानतळ होत, ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे.

तथापि २०२२ च्या कायद्याने १९२० च्या कैदी ओळख कायद्याची जागा घेतली आणि अटक झालेल्यांच्या ठशांबरोबर बुबुळाचीही नोंद घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला. एकाच राज्यसंस्थेकडे एकाची जैविक ओळख सोयीपोटी, तर दुसऱ्याची संशयापोटी जमा होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला व २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मात्र त्यात शासनाच्या यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही आहे. पासपोर्ट हरविल्यास बदलता येतो. बोटाचे तसे नाही. म्हणून दिलेली माहिती किती काळ राहील व कोणत्या अन्य कामासाठी वापरली जाईल, हे प्रश्न येथे गंभीर ठरतात.

निष्कर्ष

१) बोटांच्या ठशाचा शासकीय वापर वसाहतकालीन अविश्वासातून रुजला, जलद मार्गात तोच ठसा विश्वासाचे चिन्ह झाला. हा बदल मोठा आहे, परंतु विश्वासाची कसोटी ठरविण्याचा अधिकार राज्यसंस्थेकडेच राहिला.

२) ट्रान्सवालच्या अनुभवानुसार 'स्वेच्छा' या शब्दाचा अर्थ नकाराच्या परिणामावर अवलंबून असतो. सामान्य रांगेत पुरेसे अधिकारी असतील व ती सुसह्य राहील, तोवरच जलद मार्गाची निवड खरी ऐच्छिक ठरते. सामान्य रांग दुर्लक्षित राहिली तर संमती ही नाइलाज होईल.

३) त्यामुळे या योजनेचे यश स्वयंचलित दारातून गेलेल्यांच्या वेळेवरून न मोजता, नोंदणी न केलेल्या प्रवाशास किती काळ थांबावे लागते व त्यास कोणती वागणूक मिळते, यावरून मोजले पाहिजे. सहीची सवलत असताना इतरांप्रमाणे दहा बोटांचे ठसे देणाऱ्या बॅरिस्टरने १९०८ मध्ये हीच कसोटी स्वतःला लावली होती.